पोचा आलेला पेला

५ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनकाकांच्या हातातूनच घेतलं. आई तेव्हा कॅफेत केक द्यायला गेली होती.

आधी एक काम सांगते. बाबांच्या पेल्यात अगदी काठापर्यंत पाणी भर आणि ते किती होतं ते मोजून कळव. तुमच्या हॉटेलच्या किचनमध्ये आकड्यांचं भांडं असेलच. का ते विचारू नकोस. बरं, विचार, नाहीतर तू मोजायची नाहीस. केक बसतोय.

आजचा धरून चौथा. कडेने फुगतो आणि मध्ये खड्डा. सुरी घातली की ओलं पीठ चिकटून बाहेर येतं. आई आधी म्हणाली संत्री पाणचट आहेत. मग म्हणाली ओव्हन म्हातारा झाला. काल म्हणाली, तू नीट फेटत नाहीस, तुझ्या ताईच्या, आणि तिथेच थांबली. मग नळ सोडून पातेलं घासत बसली, ते पातेलं घासलेलंच होतं.

आपला केक किती सोपा ना. दोन पेले मैदा, एक पेला साखर, अर्धा पेला तेल, चार अंडी, दोन संत्र्यांचा रस, त्यांचीच किसलेली साल, चमचाभर सोडा. एक पातेलं, एक पळी, झालं. कॅफेवाले काका म्हणायचे की हा केक झोपेतसुद्धा बिघडायचा नाही. आता बिघडतोय आणि आम्ही दोघी चांगल्या टक्क जाग्या असतो.

आईने नवा पेला आणलाय. तोच दुकानदार, तोच आकार, फक्त चकचकीत.

तू लिहिलंस ते सगळं वाचलं. की पिशवी उघडली तर बाबांचा दाढीचा पेला तुझ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला निघाला, आणि तू खोलीतल्या नवीन मुलींसमोर रडलीस. आई तोंडाने गोड बोलली नाही पण पेला दिला, म्हणजे तिचा राग गेला, असं लिहिलंयस. हो. असेल तसं. मी अजून आईला तुझं पत्र दाखवलं नाही. ती सध्या केकच्या मागे आहे. वेळ बघून सांगते.

फोन करू नकोस. फोन आईकडे असतो, आणि मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे.

मुंगी


१४ ऑक्टोबर

ताई,

कार्ड मिळालं. पाण्याचा आकडा त्यात नव्हताच. उलट तूच मला विचारतेस, की आईनेच पेला दिला तर आता तिला माप कशाला हवं, आणि ती माझ्याबद्दल काय बोलते.

माप आईला नको, मला हवंय. आणि आई तुझ्याबद्दल, म्हणजे, तिला कामच फार असतं.

मला वाटतं सगळी गडबड पोच्याची आहे. तुला आठवतं का, मी सहा वर्षांची असताना साबणाचे फुगे करायला बाबांचा पेला गॅलरीत नेला होता आणि तो खाली पडला. एक बाजू पार आत गेली. मी पलंगाखाली जाऊन बसले. बाबा पेला घेऊन आले, माझ्यासमोर वाकून म्हणाले, "बघ, याला फक्त गालावर खळी पडलीये." आणि दुसऱ्या दिवशी त्यातच दाढीचं पाणी घेतलं. त्याच रविवारी आई पहिल्यांदा केक करत होती, मापाला काही सापडेना, तर बाबांनी तो पेला धुऊन पुढे केला. आई म्हणाली, केकला साबणाचा वास आला तर तुम्हीच खायचा सगळा. तू तेव्हा हसून हसून जमिनीवर लोळलीस.

म्हणजे बघ, केकचं माप ठरलं ते पोच्यासकट ठरलं. नव्या पेल्याला पोचा नाही. त्यात मैदा जास्त मावतो, साखर जास्त, तेल जास्त. अंडी मात्र चारच, संत्री दोनच, केकचा डबा तोच आणि ओव्हनची वेळही तीच. मग मध्ये कच्चा राहणार नाही तर काय.

तू म्हणशील, मग हे आईला सांग. नाही सांगता येत. घरात पेल्याचा विषय काढता येत नाही. का ते पुढे कधीतरी लिहीन.

खालच्या शिवणवाल्या मावशींनी परवा विचारलं होतं, तो जुना पेला दिसत नाही कुठे. आईने विषय बदलला.

काल कॅफेवाले काका स्वतः वर आले. हातात आपलाच केक, कागदात बांधलेला. बसले नाहीत. म्हणाले, एका गिऱ्हाइकाने विचारलं की हा खायचा की डोक्याखाली घ्यायचा. मग त्यांना पण वाईट वाटलं असेल, आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, सात वर्षं तुमचाच केक ठेवलाय मी. पण नवी बेकरीवाली रोज नमुना पाठवते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत थांबतो. त्या दिवशी चांगला आला तर तुमचाच." ते गेल्यावर आईने तो केक उचलला, एक घास खाल्ला, आणि उरलेला डब्यात टाकला. कचऱ्याच्या.

ती घास खाताना तिचं तोंड मी पाहिलं. ताई, तू आकडा पाठव.

मुंगी


२४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचे दोन कागद फाडले. तू उभ्याने वाचू नकोस.

सोमवारी तुझं पाकीट आलं ते आईच्या नावाचं होतं. मी ते आईला दिलेलं नाही. उघडलेलं पण नाही, शपथ. मैद्याच्या डब्याखाली ठेवलंय. त्यात तू पेल्याबद्दल लिहिलं असणार, आणि आईने ते वाचलं तर सगळं उघडं पडेल. म्हणून.

पेला आईने नाही ठेवला. मी ठेवला.

पुढे अक्षर खराब आलं तर समजून घे.

मागच्या वेळी लिहिलं ना, मावशींनी विचारलं तेव्हा आईने विषय बदलला, ते खोटं होतं. आई म्हणाली, "नेला." मावशी म्हणाल्या, कुणी? आई म्हणाली, "जिला जाताना सांगितलं होतं, या घरातला एक चमचासुद्धा नेऊ नकोस, तिनेच. तिच्या बापाची एवढी एकच वस्तू उरली होती माझ्याकडे." मी तिथेच उभी होते. बटाटे सोलत होते. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं, तिने नाही, मी. तीन शब्द. मी सोलतच राहिले. बटाटा एवढासा झाला.

आईला वाटतं तू चोरलास. तुला वाटतं आईने दिला. आणि मधे मी.

का केलं ते सांगते. तू आणि आई आठवडाभर भांडत होतात. ती म्हणायची, इथे घरचा ओव्हन आहे, आपलं काम आहे, तुला परक्यांच्या भट्टीपुढे उभं राहायचंय. तू म्हणायचीस, मला शिकायचंय, जन्मभर एकच केक करत नाही बसायचं. माझं कुणी काही विचारत नव्हतं, आणि मी काही बोलत नव्हते, ते नेहमीचंच. पण ताई, माझ्या वाटचं सगळं तूच बोलायचीस. डॉक्टरकडे कुठे दुखतं ते तू सांगायचीस. दुकानात सुट्टे तू मागायचीस. नववीत बाईंनी मला उभं करून धडा वाचायला लावला आणि माझा आवाज फुटेना, सगळा वर्ग वळून बघत होता, त्यानंतर मी शाळेत गेलेच नाही, तेव्हा आईशी भांडायला पण तूच होतीस. तूच म्हणालीस, नाही जमत तिला तर नको, मी शिकवीन घरी. शिकवलंस पण. आणि आता तू चाललीस.

त्या सकाळी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तुझी पिशवी दारात. मला वाटलं, हिच्याकडे असं काहीतरी असलं पाहिजे जे परत आणून द्यावंच लागेल. आपल्या घरात अशी एकच वस्तू. मी पेला तुझ्या टॉवेलात गुंडाळला आणि तळाशी घातला. वाटलं, महिनाभरात तू परत येशील, पेला द्यायला. इतकंच वाटलं. आई तुला चोर म्हणेल आणि तू रडशील आणि केक बसेल, हे एवढं पुढचं मला दिसलं नाही.

तू लिहिलंयस की तू तो उशाशी ठेवतेस, किचनमध्ये कुणी ओरडलं की खोलीवर येऊन त्यात पाणी पितेस आणि बरं वाटतं. ते वाचून मी तुला खरं सांगायचं टाळत राहिले. आता सांगितलं तर तुझ्याकडचं तेवढं पण काढून घेतल्यासारखं होणार. नाही सांगितलं तर तू इथे चोर राहणार. मी रोज यातलं एक ठरवते आणि संध्याकाळपर्यंत बदलते.

मी आईला सांगणार. दुसऱ्या शनिवारच्या आत. तोंडाने. चिठ्ठी लिहून तिच्या उशाखाली ठेवायचं पण मनात आलं होतं, ते करणार नाही.

तू रागावली असशील तर रागाव. पण आकडा पाठव.

मुंगी


६ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड काल आलं. एवढंसं. "काठोकाठ दोनशे चाळीस. बाकी तू तिला सांग." वर मुंगी नाही, खाली ताई नाही. मी दहा वेळा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का.

काय झालं ते सगळं लिहिते, काही गाळत नाही.

मावशींच्या नातवाची दुधाची बाटली मागून आणली, तिच्यावर आकडे असतात. मावशींना वाटलं मी मांजर पाळलंय. आज सकाळी आई संत्री आणायला गेली. मी बाटली एकशेवीसच्या रेघेपर्यंत दोनदा भरली आणि नव्या पेल्यात ओतली. ताई, पाणी काठाच्या दोन बोटं खाली राहिलं. दोन बोटं. मी तिथे नेलपॉलिशने लाल रेघ मारली, ती वाळेपर्यंत फुंकत बसले, आणि घरात होती त्याच दोन संत्र्यांचा केक घातला. साल किसताना पांढरं येऊ दिलं नाही. बोट मात्र किसलं.

ओव्हनच्या काचेसमोर मी खाली फरशीवर बसून होते. वीस मिनिटांनी कडा उठल्या. मध्ये तसंच. पंचविसाव्या मिनिटाला मधला भाग हलला, आणि मग हळूहळू वर आला, वर आला, आणि वरून तडकला. आपल्या केकला तडा जातो तसा, आडवा. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही अर्थात.

आई आली ती दारातच थांबली. वास. पिशवी हातातच, तशीच आत आली, सुरी घेतली, घातली, कोरडी बाहेर आली. तिने एक तुकडा गरम गरमच तोंडात टाकला. आणि हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणाली, "कसं केलंस गं?"

मी पेल्यावरची रेघ दाखवली. तिने पेला उचलून उजेडात धरला, म्हणाली, हे कुठून काढलंस? आणि माझं उत्तर यायच्या आत तिनेच ठरवून टाकलं की मी रोज थोडं थोडं कमी घालून अंदाज घेतला. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बघ. चोरून नेला तरी आपलं काही अडलं नाही. आता त्या पेल्याचं नाव नको."

ताई, इथे थांबता आलं असतं मला. खरंच सांगते. केक झाला होता. शनिवार वाचला होता. आई हसत होती. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि गप्प राहायला मला काही करावं पण लागत नाही, ते मला येतंच.

आई संत्री धुवायला लागली. नळ चालू. मी तिच्या पाठीमागे उभी. वर्गात झालं होतं तसंच होत होतं. मी म्हणाले. आवाज इतका बारीक की नळाच्या आवाजात गेला. आई म्हणाली, काय? मला वाटलं, झालं की, बोलून झालं. पण ती वळून बघत होती. मी नळ बंद केला. आणि परत म्हणाले.

"पेला ताईने नाही नेला. मी ठेवला तिच्या पिशवीत."

ती ओल्या हातांनी तशीच उभी. म्हणाली, कधी? मी म्हणाले, तू कपडे वाळत घालत होतीस तेव्हा. म्हणाली, तिला माहीत होतं? मी म्हणाले, नाही, तिला वाटलं तू ठेवलास.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने स्टूल ओढलं आणि बसली. म्हणाली, "आणि मग? मी ठेवला असं वाटून काय केलं तिने?"

मी म्हणाले, रडली. तिला बरं वाटलं. मग मी मैद्याच्या डब्याखालचं तुझं पाकीट काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. सगळं सांगितलं, की दोन आठवडे लपवलं होतं. पाकिटावर मैदा लागला होता, तो तिने आधी पदराने पुसला. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

ते सकाळी अकराला. आता चार वाजलेत. ती बाहेर आली, जेवण वाढलं, माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. केक ओट्यावर तसाच आहे, एक तुकडा कमी. मी पत्र बंद करून टाकायला जातेय, कारण घरात बसवत नाही.

तू तिला काय लिहिलं होतंस?

मुंगी


९ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

गुरुवारी दिवसभर आई बोलली नाही. शुक्रवारी सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून ठणठण आवाज. मला वाटलं भांडी आपटतेय, राग आता बाहेर येतोय, म्हणून मी दारातच उभी राहिले.

आई फरशीवर बसली होती. मांडीवर जुना पंचा, त्यावर नवा पेला आडवा, आणि हातात खलबत्त्यातला बत्ता. एक ठोका घालायची, पेला वळवून बघायची, परत एक. मला बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस? बाटली आण मावशीची."

मी बाटली आणली. दोनशे चाळीस ओतलं. काठाच्या खाली राहिलं. आईने पाणी ओतून दिलं, परत दोन ठोके. परत ओतलं. अजून थोडं खाली. तिसऱ्या वेळी ठोका जरा जास्तच बसला आणि पाणी बाहेर सांडलं, तर आतून अंगठ्याने दाबून दाबून पोचा बाहेर काढत बसली. तेवढ्यात मावशी वर आल्या, कसला आवाज म्हणून. बघून म्हणाल्या, "अहो, नवाकोरा पेला, वेड लागलंय का?" आई मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे असाच लागतो."

पाचव्या खेपेला पाणी बरोबर काठाला येऊन थांबलं. फुगून राहिलं वरती, पण सांडलं नाही. आम्ही दोघी बघत राहिलो. मग आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, आवाज नाही फुटला. ती म्हणाली, "माझा फार फुटतो. तुझ्या वाटचा पण माझ्याकडेच आला असावा." हसली नाही, पण रागाने पण नाही म्हणाली. मग लाल रेघ नखाने खरवडून काढायला मला सांगितलं, आता तिचं काम नाही म्हणून.

आज दोन केक घेऊन आम्ही दोघी कॅफेत गेलो. मला पण चल म्हणाली. काकांनी उभ्याउभ्याच तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग बेकरीवाल्या बाईचा नमुना काउंटरवर होता तो खाली ठेवून दिला. म्हणाले, काय बदललंत? आईने माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, हिला विचारा. आणि खरंच गप्प बसली. काका बघत राहिले, टेबलाशी बसलेली दोन माणसं पण बघत होती. मी म्हणाले, "माप चुकलं होतं." एवढंच. पण ऐकू गेलं.

तू पत्रात काय लिहिलं होतंस ते आईने सांगितलं नाही. पाकीट तिच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. मी विचारलं, ताईला काय लिहू? तर म्हणाली, तू लिही तुझं, खाली जागा ठेव.

ही जागा.

मुंगी

तुला पाचवं अंडं घालायची सवय आहे. घालू नकोस. त्या पेल्याला चारच. संत्री किसताना पांढरं येऊ द्यायचं नाही. तुमचा ओव्हन मोठा असेल, तर केक खालच्या कप्प्यात ठेव आणि पंचविसाव्या मिनिटापर्यंत दार उघडू नकोस, तुला धीर नसतो.

बोलले ते बोलले. परत घेता येत नाही, नाहीतर घेतलं असतं.

सुट्टी मिळाली की ये. येताना पेला आणू नकोस. तो तुझा. इथे आहे एक.

आई